पोर्ट्रेटसाठी कमी खर्चातली स्टुडिओ लाइटिंग: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५ : खोली आणि गरज

खोली ३.६ मीटर रुंद, ५ मीटर लांब, छत २.७ मीटरवर. भिंती पांढऱ्या, लांब बाजूला एक खिडकी. काम: एकट्या माणसाचे डोकं-खांद्यांपासून कमरेपर्यंतचे पोर्ट्रेट, अधूनमधून दोघांचे. पूर्ण उंचीचे फोटो आत्ताच यादीतून बाद. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्सने उभा माणूस वर-खाली थोडी जागा सोडून बसवायचा तर पाच मीटरहून जास्त मागे जावं लागतं, तेवढ्यात खोलीच संपते. अर्ध्या पोर्ट्रेटला २ मीटर पुरतात.

लाइट किती ताकदीचा हवा हे खोक्यावरच्या वॉटवरून ठरवायचं नाही, मांडणीवरून ठरवायचं. आपली मांडणी: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर १/१६०, अ‍ॅपर्चर एफ ५.६ ते एफ ८ (एफचा आकडा वाढला की लेन्सचं छिद्र लहान, उजेड कमी), मुख्य लाइट चेहऱ्यापासून १ ते १.२ मीटर. २ मीटरवरून ८५ मिमी आणि एफ ८ ला फोकसची खोली साधारण २५ सेंमी मिळते, म्हणजे नाकाच्या शेंड्यापासून कानामागपर्यंत काही सुटत नाही. पुढची सगळी निवड या आकड्यांना धरून.

याच सेटिंगवर खोलीतला ट्यूबलाइट फोटोत उमटत नाही. खात्री करायची तर फ्लॅश बंद ठेवून एक फ्रेम काढायची. ती काळी यायला हवी. खिडकीतून दिवसाचा उजेड येत असेल तर ती काळी येणार नाही. तेव्हा जाड पडदा हे यादीतलं पहिलं सामान.

८ जानेवारी : एलईडी की फ्लॅश

६० वॉटच्या सीओबी (एकाच पट्टीवर दाट बसवलेले दिवे) एलईडीच्या बाजूने दोन मुद्दे आले: सावली कुठे पडते ते आधीच डोळ्यांना दिसतं, आणि व्हिडिओलाही तोच चालतो. दोन्ही खरे. पण हिशोब मांडला की चित्र पालटतं. ६० वॉट गुणिले १/१२५ सेकंद म्हणजे जेमतेम अर्धा ज्यूल. साध्या स्पीडलाइटच्या (कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशच्या) कपॅसिटरमध्ये ७० ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते आणि ती सगळी शटर उघडं असतानाच बाहेर पडते. एलईडी दर ज्यूलमागे झेनॉन ट्यूबच्या दुप्पट उजेड देतो असं धरलं तरी सहा स्टॉपांचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक उरतोच.

कामाच्या भाषेत: असा एलईडी ९० सेंमीच्या सॉफ्टबॉक्समधून (उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेटीतून) १ मीटरवरून टाकला तर एफ २.८, १/१२५ ला आयएसओ ४०० च्या आसपास लागतो. एफ ८ वर यायचं तर आयएसओ तीन हजारांच्या घरात जातो, आणि तिथे ट्यूबलाइटचा हिरवटपणाही फोटोत शिरतो. एफ २ वरच काम करणाऱ्याला किंवा निम्मं काम व्हिडिओचं असणाऱ्याला एलईडी योग्यच आहे. आपल्याला नाही.

एलईडी घेणाऱ्यांसाठी दोन तपासण्या नोंदवून ठेवतो. पहिली रंगाची. सीआरआयचा (लाइटखाली रंग किती खरे दिसतात त्याचा) आकडा आठ फिक्या रंगांच्या सरासरीवरून येतो, त्यात गडद लाल नसतोच. तो आर९ या वेगळ्या आकड्यात असतो. त्वचेचा रंग लालावर उभा असतो, म्हणून सीआरआय ९५ लिहिलं असलं तरी आर९ पाहावा, तो ९० च्या आसपास हवा. आर९ छापलेलाच नसेल तर त्यातून समजायचं ते समजावं. दुसरी तपासणी लुकलुकण्याची: लाइट २० टक्क्यांवर आणून शटर १/१००० ला आणि नंतर इलेक्ट्रॉनिक शटर लावून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा. आडवे पट्टे आले तर तो लाइट मंद ठेवून वापरता येणार नाही.

निर्णय: फ्लॅश.

९ जानेवारी

चार होल्डरवाले सीएफएल सॉफ्टबॉक्स किट स्वस्तात दिसतं, म्हणून वेगळी नोंद. बाद. चार बल्बांचा मिळून उजेड वरच्या एलईडीच्याच पातळीचा, रंगात हिरवी झाक, पूर्ण उजेड यायला दोन-तीन मिनिटं, बल्ब फुटला तर आत पारा. सोबतचे स्टँडही कागदासारखे तकलादू असतात.

१५ जानेवारी : स्पीडलाइट की मोनोलाइट

दोन उमेदवार. एक, सेलवर चालणारा मॅन्युअल स्पीडलाइट, गोडॉक्स टीटी६०० किंवा योंगनुओ वायएन५६० मालिकेतल्या तिसऱ्या-चौथ्या आवृत्तीच्या तोडीचा, ज्यात रेडिओ रिसीव्हर आतच असतो. दोन, विजेवर चालणारा ३०० वॉट-सेकंदाचा (म्हणजे ज्यूलचा) मोनोलाइट, म्हणजे स्टँडवरचा मोठा फ्लॅश, बोवेन्स माउंट (सॉफ्टबॉक्स अडकवायची प्रचलित कडी) आणि मॉडेलिंग लॅम्पसह (सतत जळणाऱ्या लहान दिव्यासह).

स्पीडलाइटवर ‘गाइड नंबर ६०’ (मीटरमधलं अंतर गुणिले एफचा आकडा) लिहिलेलं असतं ते फ्लॅशचं डोकं २०० मिमी झूमवर असताना. योंगनुओचा ५८ हा आकडा १०५ मिमीवरचा. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करणं चूक. छत्रीत किंवा सॉफ्टबॉक्समध्ये झूम ३५ मिमी किंवा त्याहून रुंद ठेवावा लागतो. तिथे हाच आकडा ३० च्या आसपास उतरतो. दोन थरांच्या कापडाचा सॉफ्टबॉक्स आणखी तीनेक स्टॉप खातो, मग हातात राहतात १० ते ११. म्हणजे १ मीटरवरून आयएसओ १०० ला पूर्ण ताकदीत साधारण एफ ११. आपल्याला एफ ८ हवा, तो १/२ वर मिळतो, एफ ५.६ हवा तर १/४ वर. गरज भागते, पण एफ ८ वर हाताशी एकच स्टॉप शिल्लक. सॉफ्टबॉक्स २ मीटरवर नेला की दोन स्टॉप जातात आणि फ्लॅश धापा टाकू लागतो. दोघांच्या फोटोला हीच अडचण येणार.

मोनोलाइटकडे दोन स्टॉप जास्त आहेत, चार्ज पटकन होतो, सेलची कटकट नाही. मॉडेलिंग लॅम्पमुळे सावली आधी दिसते आणि अंधाऱ्या खोलीत ऑटोफोकसही अडखळत नाही. मेख खालच्या टोकाला आहे. स्वस्त मोनोलाइट १/३२ च्या खाली जात नाहीत. ३०० चा बत्तिसावा भाग म्हणजे ९ वॉट-सेकंद, तर स्पीडलाइट १/१२८ वर अर्ध्याच्या आसपास येतो. लहान खोलीत, १ मीटरवरून, एफ २.८ ला काम करायचं झालं तर मोनोलाइट सगळ्यात खालीही जास्तच पडतो. मग लेन्सवर तीन स्टॉपचा एनडी (उजेड अडवणारा राखाडी) फिल्टर चढवावा लागतो. चायना बॉलसारखा (गोल कंदिलासारखा) मोठा, उजेड खाणारा मॉडिफायर लावायचा नसेल तर एवढ्याशा खोलीला ३०० च्या वर जाऊ नये.

निर्णय: मुख्य लाइट म्हणून स्पीडलाइट, पण तो बोवेन्स माउंटच्या ब्रॅकेटवर (फ्लॅश स्टँडवर धरणाऱ्या पकडीवर). पुढे मोनोलाइट घेतला तर सॉफ्टबॉक्स तोच राहील. बजेटच्या कामात हाच मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो: फ्लॅश बदलतो, माउंट बदलला की सगळंच बदलावं लागतं.

१९ जानेवारी : छत्री, सॉफ्टबॉक्स

प्रकाश मऊ की कडक हे चेहऱ्याला तो किती मोठा दिसतो त्यावर ठरतं. ९० सेंमीचा ऑक्टा (अष्टकोनी सॉफ्टबॉक्स) १ मीटरवर मऊ, ३ मीटरवर तोच कडक. त्यामुळे ‘चांगल्या कापडाचा’ ६० सेंमीचा घेण्यापेक्षा साध्या कापडाचा ९० ते ९५ सेंमीचा घ्यावा. १२० चा मोह टाळला, कारण २.७ मीटर छताखाली तो चेहऱ्याच्या वर नेऊन खाली वाकवला की वरची कड छताला टेकते.

पांढरी आरपार छत्री सर्वांत स्वस्त आणि उघडायला पाच सेकंद. पण तिचा निम्मा उजेड मागे परततो, पांढऱ्या भिंतींवर आपटून सावल्या भरून काढतो, आणि लहान खोलीत सगळे पोर्ट्रेट एकसारखे सपाट येतात. भिंती गडद असत्या किंवा खोली मोठी असती तर पहिली खरेदी छत्रीच ठरली असती. बाहेरून काळी, आतून चंदेरी छत्री हा दोष टाळते, पण उजेड थोडा कडक देते. छत्रीचा आकार बऱ्याचदा कापडाच्या कमानीवरून मोजून सांगतात. तोंडाचा सरळ व्यास त्याहून कमी भरतो. १०९ सेंमीची मागवली तर टेप लावून पाहावी.

घेतलं: ९५ सेंमीचा ऑक्टा, आत वेगळं काढता येणारं दुसरं कापड, बाहेर काठाला वेल्क्रो. वेल्क्रो पाहून घेणं महत्त्वाचं, नाहीतर पुढे ग्रिड (उजेड बाजूला पसरू न देणारी जाळी) लावता येत नाही. ग्रिड साधारण एक स्टॉप खातो, पण पांढऱ्या भिंतींवर सांडणारा उजेड तोच आवरतो.

२० जानेवारी : ट्रिगर

ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसून रेडिओने फ्लॅश उडवणारा) फ्लॅशच्याच कंपनीचा घ्यायचा. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात एवढ्यावरून गोडॉक्सचा ट्रिगर योंगनुओला चालत नाही. कॅननच्या काही स्वस्त बॉडींच्या हॉट शूला (फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेला), उदाहरणार्थ ईओएस २५०डी, मधली गोल पिनच नाही. फक्त मधल्या पिनवर चालणारा साधा ट्रिगर तिथे मुका बसतो. सोनीचा शू वेगळाच. बॉडीचं नाव ट्रिगरच्या यादीत पाहिल्याशिवाय मागवू नये.

जुना फिल्मच्या काळातला फ्लॅश फुकटात मिळाला तरी थेट डिजिटल बॉडीवर चढवू नये. तो चालू करून पूर्ण चार्ज झाल्यावर मधल्या पिन आणि बाजूच्या पट्टीमध्ये मल्टिमीटर लावायचा. ६ व्होल्टच्या आत असेल तर ठीक; काही जुन्या फ्लॅशवर २०० च्या वर आकडा येतो. फ्लॅश उघडून आत हात घालायचा विचारही नको. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तीनेकशे व्होल्ट राहतात.

२६ जानेवारी : स्टँड आणि ब्रॅकेट

पैसे वाचवायला लोक स्टँडवर कात्री चालवतात आणि तिथेच फ्लॅश फुटतो. ९५ सेंमीचा सॉफ्टबॉक्स पंख्याच्या वाऱ्यालाही शिडासारखा डोलतो. हवा: २.६ मीटरपर्यंत जाणारा, आत स्प्रिंग किंवा हवेचा कुशन असलेला स्टँड, वर १६ मिमीचा स्टड. कुशन नसेल तर आवळलेला स्क्रू सैल करताच वरचा भाग धाडकन खाली येतो. पाय पूर्ण फाकवायचे नाहीत, मधला दांडा जमिनीला टेकण्याआधी थांबायचं. तीन पायांपैकी एक पाय सॉफ्टबॉक्स झुकलेल्या दिशेला ठेवायचा आणि ४-५ किलोची वाळूची पिशवी मागच्या पायावर अशी टांगायची की ती जमिनीला जेमतेम टेकेल.

ब्रॅकेट जवळून पाहण्यासारखा आहे. छत्रीच्या दांड्याचं भोक किंचित तिरकं पाडलेलं असतं, दांडा फ्लॅशच्या डोक्याकडे वर झुकावा म्हणून. ब्रॅकेट उलटा बसवला तर दांडा खाली जातो, फ्लॅश छत्रीच्या वरच्या निम्म्या भागावरच पडतो आणि खालचा भाग अंधारा राहतो. स्क्रू जोरात आवळला की पोकळ दांडा चेपतो आणि मग छत्री भोकातून निघत नाही. दुसरी गोष्ट कोल्ड शू, म्हणजे फ्लॅश नुसता धरणारी ब्रॅकेटवरची खाच. धातूचा असेल तर फ्लॅशच्या तळच्या पिना त्यावर शॉर्ट होतात. फ्लॅश मधूनच आपोआप उडतो किंवा अजिबात उडत नाही. ट्रिगर बदलण्याआधी शूच्या तळाला इन्सुलेशन टेपचा तुकडा लावून पाहायचा. गोडॉक्सच्या एस२ धाटणीचा, फ्लॅशच्या डोक्याला धरणारा ब्रॅकेट घेतला की हा प्रश्न उरत नाही, आणि बोवेन्स माउंटही मिळतो.

२ फेब्रुवारी : पहिली जुळणी, सॉफ्टबॉक्सची परीक्षा

झूम ३५, ताकद १/१२८, अ‍ॅपर्चर एफ २२ पर्यंत बंद करून कॅमेऱ्याने थेट सॉफ्टबॉक्सच्या तोंडाचाच फोटो काढला. कापड फोटोत राखाडी यायला हवं, तरच फरक दिसतो. पांढरं जळालेलं आलं तर आयएसओ आणखी खाली किंवा एनडी. आतलं कापड काढून टाकल्यावर मधोमध पांढरा गोळा आणि कडा दोन स्टॉपांनी काळ्या. आतलं कापड लावल्यावर गोळा पसरला. फ्लॅशचा अंगचा रुंद पॅनल, म्हणजे १४ मिमीवाला, खाली ओढल्यावर मध्य आणि कड यांतला फरक एका स्टॉपाच्या आत आला. हीच मांडणी कायम. मध्यभागी गोळा राहिला तर ९५ सेंमीचे पैसे मोजून ४० सेंमीचा उजेड मिळतो.

शटर १/१६० च ठेवायचं. बॉडीची फ्लॅशसाठीची शटर-मर्यादा १/२०० लिहिली असली तरी रेडिओ ट्रिगरचा उशीर धरला तर फ्रेमच्या एका काठाला काळी पट्टी येऊ शकते. काळ्या कपड्यांत ती दिसत नाही, पांढऱ्या भिंतीवर लगेच दिसते. म्हणून तपासणी भिंतीवर. मिररलेस बॉडीत दोन गोष्टी: सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद, नाहीतर बहुतेक बॉडींत फ्लॅश उडतच नाही. आणि व्ह्यूफाइंडरमधलं एक्स्पोजर प्रीव्ह्यू बंद, नाहीतर समोर सगळा अंधार.

६ फेब्रुवारी : सेल

अल्कलाइन सेल नकोत. त्यांचा अंतर्गत रोध जास्त, दोन-चार पूर्ण फ्लॅशनंतर चार्ज व्हायला लागणारा वेळ वाढत जातो आणि सेल तापतात. कमी स्वयं-विसर्गाचे निकेल मेटल हायड्राइड, १९०० ते २००० एमएएच, एनेलूपच्या धाटणीचे. २५०० वाले खोक्यावर भारी दिसतात, पण त्यांचं आयुष्य कमी फेऱ्यांचं. चार-चारचे संच करून प्रत्येक संचावर अ, ब, क लिहायचं आणि संच कधी मोडायचा नाही. एक सेल कमकुवत निघाला तर तो बाकी तिघांबरोबर उलटा चार्ज होऊन मरतो.

फ्लॅश महिनोन्महिने पडून असेल तर बाहेर काढल्या काढल्या पूर्ण ताकदीचा मारा करू नये. चालू करून थोडा वेळ ठेवावा, मग १/१६ पासून चढत जावं.

९ फेब्रुवारी : फिल

दुसरा लाइट न घेता सावलीची बाजू उचलायची. ६० × १२० सेंमीची पांढरी थर्माकोलची शीट चेहऱ्यापासून ५०-६० सेंमीवर, फ्रेमच्या अगदी बाहेर. चंदेरी रिफ्लेक्टर जास्त उजेड फेकतो, पण डोळ्यांत दुसरी कडक चमक आणतो आणि तेलकट त्वचा उघडी पाडतो. सोनेरी बाजू वापरलीच नाही. फ्लॅशच्या ५५०० केल्विनशेजारी ती एका गालाला कावीळ झाल्यासारखी दिसते.

शीटची दुसरी बाजू काळी करून ठेवायची, सावली आणखी गडद करायला. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत ही काळी बाजूच जास्त उपयोगी पडते. स्प्रे पेंट मारायचा नाही. त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल वितळवतं. पाण्यातला अ‍ॅक्रिलिक रंग किंवा चिकटवलेलं काळं कापड.

१६ फेब्रुवारी : एकाच कागदातून तीन पार्श्वभूमी

१.३५ मीटर रुंदीची पांढरी कागदी गुंडाळी. माणूस तिच्यापुढे २ मीटर. लाइट चेहऱ्यापासून १ मीटरवर असला की कागदापर्यंत ३ मीटर होतात, म्हणजे कागदावर चेहऱ्याच्या नवव्या हिश्श्याएवढा उजेड, तीन स्टॉपांहून थोडा जास्तच फरक. पांढरा कागद गडद राखाडी येतो. लाइट २ मीटरवर नेला की हाच फरक दोन स्टॉपांवर येतो आणि कागद फिका राखाडी होतो. लाइट जवळ, वर ग्रिड, आणि काळी शीट बाजूला घेतली तर जवळजवळ काळा. पांढराशुभ्र हवा असेल तेव्हाच कागदावर वेगळा फ्लॅश लागतो. तीन रंगांचे पडदे घेण्याचा बेत म्हणूनच रद्द. मलमलीच्या पडद्याच्या सुरकुत्या काढण्यातच संध्याकाळ जाते, हे वेगळंच.

जवळ नेण्यालाही हद्द आहे. लाइट ५० सेंमीवर असेल तर जवळच्या गालाला आणि १५ सेंमी मागच्या कानाला पाऊण स्टॉपचा फरक पडतो, १.५ मीटरवर तोच पाव स्टॉप. एकट्याच्या चेहऱ्याला हा उतार शोभतो. दोघं शेजारी बसले की लाइटजवळचा जळतो. तिथे सॉफ्टबॉक्स मागे घ्यायचा आणि तो लांब बसलेल्याकडे वळवायचा, म्हणजे जवळच्याला फक्त त्याची कड लागते.

२० फेब्रुवारी : चष्मा

काचेत सॉफ्टबॉक्स दिसतोय म्हणून आयएसओ, ताकद, काहीही बदलून उपयोग नाही. हा कोनाचा प्रश्न आहे. स्टँड १५-२० सेंमी वर, सॉफ्टबॉक्स तेवढाच खाली वाकवलेला, आणि थोडा आणखी बाजूला. तरी प्रतिबिंब न गेल्यास चष्म्याच्या काड्या कानावर ५ मिमी उचलायच्या, काचा खाली झुकतात. एवढं पुरतं. डोळ्यांतली चमक मात्र जाऊ द्यायची नाही, घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या जागी ती हवी. लाइट फार वर गेला की भुवईखाली डोळे बुडतात.

माणूस अंधारात बसवू नये. बाहुल्या मोठ्या होतात आणि बुबुळाचा रंग हरवतो. ट्यूबलाइट चालूच ठेवायचा, १/१६० आणि एफ ८ ला तो फोटोत येत नाहीच.

२३ फेब्रुवारी : रंग आणि सातत्य

ग्रे कार्ड समोर ठेवून एकाच ताकदीवर १० फ्रेम, पूर्ण चार्ज झाल्याचा दिवा लागल्यानंतर आणखी दोन सेकंद थांबून. मग तीच मालिका दिवा लागताक्षणी. दुसऱ्या मालिकेत कार्ड वर-खाली होतं. दिवा लागतो तेव्हा कपॅसिटर शंभर टक्के भरलेला असतोच असं नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवायचा नाही. स्पीडलाइट ताकद कमी केली की थोडा निळसर होतो, म्हणून ताकद बदलली की कार्डाची नवी फ्रेम.

फ्लॅश मीटर सध्या नाही. त्याऐवजी सॉफ्टबॉक्सच्या कडेला १ मीटरची दोरी बांधली, गाठ हनुवटीशी आली की एक्स्पोजर ठरलेलंच.

२ मार्च : दुसरा फ्लॅश

दुसरा त्याच मॉडेलचा, म्हणजे ट्रिगर तोच, सेल तेच, रंगही जुळता. केसांवर छताजवळून टाकायला बूम (स्टँडवरचा आडवा दांडा) लागतो; २.७ मीटर छताखाली बूम, फ्लॅश आणि ग्रिड मिळून डोक्यापासून अर्धा मीटरही उरत नाही, म्हणून बूम नाही. मागच्या कोपऱ्यात उभ्या स्टँडवर, लहान ग्रिडसह, ट्रिगरच्या ग्रुप बी वर. ताकद १/३२ पासून सुरू, मुख्य लाइटपेक्षा मागच्या कडेवर एक स्टॉप कमीच ठेवायची. पांढऱ्या केसांना त्याहून कमी. लेन्समध्ये सरळ उजेड शिरत असेल तर फ्लॅश आणि कॅमेऱ्याच्या मध्ये काळ्या शीटचा तुकडा.

हाच फ्लॅश फिल म्हणून वापरायचा झाल्यास छत्रीत, कॅमेऱ्यामागे, मुख्य लाइटपेक्षा एक स्टॉप खाली: उजेडाची बाजू आणि सावली यांचं प्रमाण ३:१. दोन स्टॉप खाली नेला तर ५:१, आणि थर्माकोलची शीट काढून घ्यायची, नाहीतर आकडा जुळत नाही. ऑप्टिकल स्लेव्हवर (दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून उडण्यावर) चालवायचं असेल तर फ्लॅशवरचा एस२ मोड (वरच्या एस२ ब्रॅकेटशी संबंध नाही); एस१ वर तो रेड-आय किंवा टीटीएलच्या (फ्लॅशच्या आपोआप मोजमापाच्या) आधीच्या झबक्यालाच उडून जातो. मागवायचं बाकी: एक फ्लॅश, चार सेल, दुसरा स्टँड, दुसरी वाळूची पिशवी.